गुलाम-मजुरी, शेतीतील (ब्राझील)

ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी कायद्याने संपली. मात्र ॲमेझॉनच्या कडेला जंगल तोडून कुरणे करणाऱ्या मोठ्या मळ्यांवर ती कर्जाच्या रूपाने चालूच राहिली. ‘गातो’ म्हणून ओळखला जाणारा मुकादम ईशान्येच्या दुष्काळी भागातून मजूर उचलतो. गाडीभाडे, बूट, कुऱ्हाड, तांदूळ असे सगळे मळ्यातल्या दुकानाच्या वहीत मजुराच्या नावे चढते, आणि मजुरीतून ते फिटत नाही. राहायला बहुधा काळ्या प्लास्टिकखालचा तळ, प्यायला गुरांच्याच ओढ्याचे पाणी.

बिशप पेद्रो कासाल्दालिगा यांनी १९७१ मध्येच याला वाचा फोडली होती. राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो एन्रिके कार्दोझो यांनी उघड कबुली दिली ती १९९५ मध्ये. त्याच वर्षी फिरते तपासणी पथक स्थापन झाले. कामगार निरीक्षक, सरकारी वकील आणि पोलीस पूर्वसूचना न देता मळ्यावर जातात, हिशेबाच्या वह्या ताब्यात घेतात आणि थकलेली मजुरी मालकाकडून वसूल करतात. सुटलेल्या मजुराला तीन महिने किमान वेतनाएवढा बेकारी भत्ता मिळतो. आजवर साठ हजारांहून अधिक मजूर सोडवले गेले आहेत. या कामाला जोखीमही आहे : २८ जानेवारी २००४ रोजी उनाई या घेवड्याच्या पट्ट्यात तीन निरीक्षक व त्यांचा चालक यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले.

दंडसंहितेच्या कलम १४९ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली. आता साखळदंड किंवा कुंपण सिद्ध करावे लागत नाही. माणुसकीला न शोभणारी परिस्थिती किंवा थकवून टाकणारे कामाचे तास पुरेसे ठरतात. शिक्षा दोन ते आठ वर्षांची, पण ती भोगणारे मालक विरळाच. खरी जरब बसवली ती दोषी मालकांच्या जाहीर ‘काळ्या यादी’ने, कारण यादीत नाव आले की बँका कर्ज नाकारतात. म्हणूनच मालकवर्गाने ती न्यायालयात वारंवार अडवली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अशा मळ्याची जमीन विनामोबदला जप्त करण्याची घटनादुरुस्ती २०१४ मध्ये झाली खरी, पण अंमलबजावणीचा कायदा रखडल्याने ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली.

हा प्रकार केवळ ॲमेझॉनपुरता नाही. २०२३ मध्ये सधन दक्षिणेतल्या बेंतो गोन्साल्व्हिस येथे द्राक्षतोडणीच्या हंगामात दोनशेहून अधिक मजूर सोडवले गेले. माणसे ठेकेदाराची, असे वाइन कंपन्यांनी सांगून पाहिले. अखेर त्यांना ७० लाख रेआल भरण्याचा करार करावा लागला.