पेटी, यंत्र, पावती : निवडणूक आयोगाची वाटचाल

भारत निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी झाली. त्याच्या वीस वर्षे आधी सोलापूरकरांनी स्वराज्यासाठी मोठी किंमत मोजली होती. १९३० मध्ये नगरपालिकेवर तिरंगा फडकला, शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. मताचा अधिकार या शहराला नजराणा म्हणून मिळालेला नव्हता.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. खरी अडचण याद्यांची झाली. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. आयोगाच्या इतिहासातील ही सल आहे. पुढच्या निवडणुकांपर्यंत ती दूर करण्यासाठी घरोघर जाऊन काम झाले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. अशा लाखो पोलादी पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. सोलापूर तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोन खासदार सोलापूरने लोकसभेत पाठवले.

पुढे स्वतंत्र पेट्या गेल्या आणि एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. १९६२ पासून म्हैसूरची न पुसणारी शाई बोटावर लागू लागली.

मतदान यंत्राची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर यंत्राने मतदान झाले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती. त्या केंद्रांवर मतपत्रिकांवर फेरमतदान झाले आणि निकाल फिरला. आयोगाला हा मोठा धक्का होता. तरीही यंत्र अडगळीत गेले नाही किंवा घाईने रेटलेही गेले नाही. १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १९९८ मध्ये मोजक्या विधानसभा जागांवर यंत्र वापरले गेले आणि २००४ मध्ये सोलापूरसह सगळ्या देशाने लोकसभेसाठी यंत्रावर मत दिले. पहिल्या प्रयोगापासून तोवर बावीस वर्षे गेली होती. हा संथपणाच आयोगाची मोठी कमाई होय.

यंत्रात एक उणीव राहिली होती. दिलेले मत मतदाराला डोळ्यांनी दिसत नव्हते. २०१० पासून राजकीय पक्षांनी कागदी पुराव्याचा आग्रह धरला, २०१३ मध्ये नागालँडच्या नोक्सेन पोटनिवडणुकीत मताची कागदी पावती दाखवणारे व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते आवश्यक ठरवले. २०१९ च्या लोकसभेला प्रत्येक केंद्रावर सात सेकंद पावती दिसू लागली. हे सारे प्रत्यक्षात आणणारे हात शिक्षकांचे, तलाठ्यांचे, ग्रामसेवकांचे आणि अंगणवाडी सेविकांचे होते. यंत्राच्या पेट्या घेऊन आदल्या दिवशी केंद्रावर मुक्कामाला जाणाऱ्या या माणसांची नावे अहवालात क्वचितच येतात.

२०२४ हे वर्ष कसोटीचे ठरले. ६ मे रोजी आयोगाने पक्षांना बजावले की डीपफेक, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बनावट साहित्य, लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत हटवावे. दुसऱ्याच दिवशी सोलापूर आणि माढ्यात मतदान होते. यंत्र स्वीकारायला बावीस वर्षे मिळाली होती, इथे हाती फक्त काही तास होते. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीनंतर माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांना गावातील आकडे पटले नाहीत. ३ डिसेंबरला त्यांनी मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घेण्याचे ठरवले. कायद्यात तशी तरतूद नसल्याने प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ग्रामस्थांनी बेत सोडला. राज्यातील २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा १,४४० व्हीव्हीपॅटच्या पावत्या यंत्रांतील आकड्यांशी जुळल्याचे आयोगाने जाहीर केले. हा पुरावा भक्कम आहे. मात्र गावाची शंका गावातच उत्तर मागत होती आणि बंदोबस्त हे तिचे उत्तर नव्हते. प्रत्येक केंद्राची पडताळणी मतदारापर्यंत सोप्या भाषेत पोहोचवणे हे आयोगाचे पुढचे काम आहे, आणि परवूरनंतर सावरलेल्या या संस्थेला ते जड नाही.

डीपफेकच्या बाबतीत ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रचारचित्रावर तसा ठळक उल्लेख असावा, तो दृश्य भागाच्या किमान दहा टक्के जागेत असावा आणि अशा साहित्याची नोंद पक्षांनी ठेवावी, असे त्याने कळवले.