चार स्क्रूंची मुभा

नेक बदलली, पिकअप बदलले. मग गिटार तीच राहते का? मला याचं उत्तर इतिहासात सापडतं.

१९५०मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक गिटारची नेक चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी जोडलेली होती. कारण व्यवहारी: बनवायला सोपी, दुरुस्तीला सोपी. पण त्यामुळे वादकाच्याच हाती स्क्रूड्रायव्हर आला.

१९७०च्या दशकात एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरच्या बॉडीला ८० डॉलरची नेक जोडली आणि गिब्सन गिटारमधला हमबकर पिकअप बसवला. फेंडरचा घाट, गिब्सनचा भरदार आवाज! ‘फ्रँकेनस्टाईन’ची नेक पुढेही बदलत राहिली. २०१९मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मांडली गेली.

मला ती अस्सलच वाटते. नेक कितीही बदलल्या, त्या निवडणारा कान एकच होता.