मीठ, गळा आणि सेवाग्राम



गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेतही सापडते. पण गळा का सुजतो, हे कळायला एकोणिसावे शतक सरत यावे लागले. तेव्हा बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला गळ्यातील अवटुग्रंथीत आयोडीन आढळले. ग्रंथीतून रक्तात उतरून दूरच्या अवयवांना हुकूम देणाऱ्या द्रव्यांना १९०५ साली स्टार्लिंगने ‘हार्मोन’ म्हटले. आपण संप्रेरके म्हणतो. अवटुग्रंथीचे थायरॉक्सिन १९१४ साली केंडॉलने वेगळे काढले.

अंगाची ऊब, काळजाची गती, मुलाची वाढ हे सारे ते सांभाळते. आयोडीनवाचून मात्र ते तयारच होत नाही. मग काय होते? हिंगणघाटची एखादी जिनिंग डोळ्यांपुढे आणा. कापूस आलेला नाही, तरी मुकादम ओरडतोय, माणसे वाढवतोय, शेड वाढवतोय. माल शून्य! मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी म्हणजे तो मुकादम, आणि वाढलेली शेड म्हणजे गलगंड. गळ्याची गाठ निदान दिसते तरी. पोटातल्या बाळाच्या मेंदूचे नुकसान दिसत नाही, आणि मागाहून भरूनही निघत नाही.

१९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचे मीठ, एकाला साधे. काही वर्षांत त्या दोन भागांत गलगंड स्पष्ट घटला. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली त्यांनीच उभे केले.

आता गंमत पाहा. १९३० साली मिठासाठी दांडीला निघालेले गांधीजी पुन्हा साबरमतीला राहायला गेले नाहीत. १९३६ साली आपल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिले. पुढे आयोडीनच्या सक्तीला विरोध झाला तो स्वदेशीच्याच नावाने. साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी केंद्राने २००० साली उठवली आणि २००६ साली पुन्हा लावली. गरिबाच्या मिठावर कंपन्यांचा ताबा येईल, ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण त्यासाठी भावावर नजर ठेवावी, आयोडीन कशाला काढावे?

‘समुद्राचे मीठ, त्यात आयोडीन असणारच,’ असे पुष्कळ जण सांगतात. तसे नाही. मिठागरातल्या साध्या मिठात ते नगण्य असते. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरते, गर्भवतीला त्याहून जास्त लागते. आयोडीनचे मीठ ओलाव्यात किंवा चुलीशेजारी उघडे ठेवू नये. झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि जमेल तेव्हा भाजी उतरवताना घालावे.