डॉली आणि यवतमाळचा सिकलसेल

क्लोनिंगचा इतिहास मी यवतमाळात बसून वाचतो, तेव्हा सिकलसेल डोळ्यांआड करता येत नाही. इथल्या गोंड, परधान कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये मेंढीच्या कासेतील पेशीपासून डॉली जन्मली. चर्चा रंगली माणसाच्या नकलेची. मोलाची गोष्ट निराळीच होती: प्रौढ पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेता येते. २००६मध्ये यामानाकांनी उंदराच्या पेशींत बीजांडाशिवाय, चार जनुकांच्या बळावर ते साधले. २००७मध्ये अमेरिकेत येनिश यांच्या प्रयोगशाळेने सिकलसेलग्रस्त उंदराच्या शेपटीतील पेशी तशाच बदलल्या, जनुक दुरुस्त केले आणि त्यांपासून रक्तपेशी घडवल्या. उंदीर सुधारला! आमच्याकडे अजून भिस्त आहे ती हायड्रॉक्सियुरियावर, रक्तपेढीवर आणि लग्नाआधीच्या रक्ततपासणीवर.