पडद्यावरचा प्रयोग आणि शिक्षकाचा हात

#थ्रेड
१/ हाताने करायची विद्या दुरून शिकवता येते का? आणि तीही अशा शिक्षकाला, ज्याला ती उद्या वर्गभर मुलांकडून करवून घ्यायची आहे? हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. १९७५-७६ साली भारताने तो उपग्रहाच्या साहाय्याने सोडवून पाहिला. त्या प्रयत्नाची ही हकिगत.

२/ आरंभ टपालापासून करू. १८४० साली इंग्लंडमध्ये पेनी पोस्ट सुरू झाले आणि आयझॅक पिटमन टपालाने लघुलेखन शिकवू लागले. विद्यार्थी बायबलमधील वचने लघुलिपीत उतरवून धाडी. पिटमन ती तपासून परत पाठवीत. शिष्याच्या हातची चूक गुरूपर्यंत जाई आणि दुरुस्ती शिष्यापर्यंत येई.

३/ लघुलेखनाची ही सोय प्रत्येक कसबाला नसते. रेघ कागदावर उमटते, कागद पाकिटात मावतो. परंतु मंडल जोडताना तार कोठे सैल राहिली, तराजू का कलंडला, हे पाकिटात घालता येत नाही. त्यासाठी हात पाहणारे कोणी तरी जवळ असावे लागते.

४/ आता भारताकडे. सप्टेंबर १९६९ मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. त्यातून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर ‘साइट’, म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग, चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वापरण्यात आला.

५/ आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत संच बसवले गेले. अँटेना सुमारे ३ मीटर व्यासाची, साध्या तारेच्या जाळीची. महाराष्ट्र या यादीत नव्हता. मात्र प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, आणि मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत तयार होत.

६/ शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन या संध्याकाळच्या कार्यक्रमांची चर्चा आजही होते. त्यामानाने एक भाग विस्मरणात गेला आहे. शाळांना सुट्टी लागली की सकाळची शालेय प्रक्षेपणाची वेळ रिकामी राही. ती वेळ प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापन शिकवण्यासाठी योजली गेली.

७/ गरज खरी होती. प्राथमिक वर्गात विज्ञान ‘कृतीतून’ शिकवावे, असा आग्रह कोठारी आयोगानंतर वाढला होता. परंतु अनेक गुरुजींनी आयुष्यात एकही प्रयोग स्वतःच्या हाताने केला नव्हता. त्यांना शहरात बोलावून शिकवायचे, तर प्रशिक्षक आणि वसतिगृहे पुरली नसती.

८/ एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राने १२ दिवसांचा अभ्यासक्रम आखला. ऑक्टोबर १९७५ आणि १९७६ चा उन्हाळा, अशा दोन फेऱ्यांत मिळून जवळपास ५० हजार शिक्षकांनी तो पूर्ण केला. शिक्षक प्रशिक्षणाच्या तत्कालीन वेगाशी ताडून पाहता हा आकडा विलक्षण होता.

९/ यातील मर्म योजनेच्या रचनेत आहे. उपग्रह एकतर्फी होता. गावातून दिल्लीला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. म्हणून दूरचित्रवाणीला आकाशवाणीची जोड दिली, हाती छापील कृतिपुस्तिका दिली आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक नेमला. पडद्यावर कृती पाहायची, मग ती स्वतः करायची, अडल्यास मार्गदर्शकाला विचारायचे. पिटमनचे उलटटपाल येथे गावातच बसलेले होते.

१०/ त्याच काळात मध्य प्रदेशातच अगदी वेगळा मार्ग चोखाळला जात होता. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञान शिकवू पाहत होत्या. तेथे शिक्षकांची निवासी शिबिरे होत. पुढे मासिक बैठका, आणि शाळेत जाऊन पाठपुरावाही.

११/ एकीकडे ५० हजार शिक्षक आणि १२ दिवस. दुसरीकडे मोजक्या शाळा आणि वर्षानुवर्षांची सोबत. ‘साइट’चे वर्ष सरले, उपग्रह अमेरिकेकडे परतला आणि गावातले ते प्रशिक्षणही थांबले. होशंगाबादचा कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये शासनाने बंद करेपर्यंत, ३० वर्षे चालला. विस्तार उपग्रहाने दिला, टिकाऊपणा पाठपुराव्याने.

१२/ या दोहोंचा मेळ पुढे मुंबईत दिसतो. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने २००९ पासून अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा सुरू झाल्या. देशभरच्या केंद्रांतील समन्वयकांना आधी पवईत तयार केले जाई. मग शिक्षक जवळच्या केंद्रावर जमत, व्याख्यान थेट पवईहून ऐकत आणि प्रात्यक्षिक तेथल्याच प्रयोगशाळेत, त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली करीत.

१३/ २०२० मध्ये महासाथीमुळे ‘निष्ठा’ हे शिक्षक प्रशिक्षण ‘दीक्षा’ मंचावर आले. शिक्षक घरी, हाती मोबाइल; चित्रफीत पाहायची, प्रश्नमंजूषा सोडवायची, प्रमाणपत्र मिळवायचे. त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता. परंतु प्रश्नमंजुषेतून स्मरण तपासता येते. गुरुजींनी बल्ब प्रत्यक्ष पेटवला की नाही, हे तिला कळत नाही.

१४/ पडदा आता स्वस्त झाला आहे. ‘साइट’च्या काळी तोच सर्वांत महाग होता. केंद्रावरचा मार्गदर्शक मात्र तेव्हाही माणूस होता आणि आजही माणूसच लागेल. खर्चाला कात्री लावताना पहिला बळी त्याचाच जातो. पुढे वर्गात प्रयोग ‘करून’ दाखवण्याऐवजी ‘वाचून’ दाखवला जातो, तेव्हा ती बचत मुलांना फेडावी लागते.

(समाप्त)