आस एक की दोन?

मागच्या वर्षी आम्हा तीन मित्रांनी वर्गणी काढून एक जुनी फायबरची बोट घेतली. सोळा फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन. बोनस कुठे उडवायचा याचं उत्तर सापडलं म्हणून मंडळी खूश होती. मग खरा प्रश्न आला: बोट पनवेलहून अलिबागला न्यायची कशावर? सिंगल अ‍ॅक्सल ट्रेलर घ्यायचा की टँडेम?

इंजिनियर लोक एकत्र आले की जे होतं तेच झालं. एक्सेल शीट उघडली. एका बाजूला एक आस, दोन चाकं: वजनाला हलका, स्वस्त, हाताने ढकलून गल्लीत वळवता येतो, टायर आणि बेअरिंग निम्मे. दुसऱ्या बाजूला दोन आस, चार चाकं: हायवेवर डुलत नाही, एखादा टायर फुटला तरी लगेच कलंडत नाही, जास्त वजन पेलतो. पण वळताना चारही टायर आडवे घासतात आणि हाताने वळवणं म्हणजे दिव्यच. मी अर्थातच टँडेमच्या बाजूने होतो. रिडंडन्सी नावाचा आजार आहे आमच्या धंद्यात. विकत घेण्याआधी एक वीकेंड भाड्याने आणून बघू, असं ठरलं.

तो वीकेंड थळच्या किनाऱ्यावर पार पडला. म्हणजे पार पडला नाही, रुतला. आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. ट्रेलर मऊ वाळूत गेला, चारही चाकं रुतली, वळवता येईना, ओढणाऱ्या जीपची मागची चाकंही खाली जायला लागली. त्यात पाणी परतायला लागलं. जीप मित्राच्या वडिलांची. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

जाळं विणत बसलेले एक म्हातारे नाखवा बराच वेळ हे बघत होते. शेवटी उठून आले. "अरं पोरा, पानी उचलतंय होरी. तू कनाला उचलतस?" त्यांनी आधी जीप सोडवून वर नेली. मग बोटीला दोर बांधून सांगितलं, गप बसा. दोन-अडीच तासांत भरतीने बोट ट्रेलरवरून अलगद उचलली. रिकामा ट्रेलर सहा जणांनी दोराने ओढून काढला. आमच्या शीटमध्ये चाकं, टायर, ब्रेक, सगळं होतं. भरती-ओहोटीचा कॉलम नव्हता.

त्या दोन-अडीच तासांत समोर बघायला काय होतं? खांदेरी आणि उंदेरी. आणि मला एकदम जाणवलं की आम्ही ज्या चुकीत अडकलो होतो, तिच्यावर याच पाण्यात एक लढाई झाली आहे.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे होतं. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला जबरदस्तीने उतरायचा प्रयत्न केला, त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं साठेक गलबतांचं आरमार चालून आलं. इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. पण 'रिव्हेंज' या मोठ्या फ्रिगेटच्या तोफांपुढे दौलतखानाला माघार घ्यावी लागली. ती गलबतं नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात शिरली, आणि पाठलाग तिथेच थांबला.

खरी गंमत पुढे आहे. समोरासमोर इंग्रजांची तोफ भारी, तरी बेटावर माणसं आणि सामान पोचायचं थांबेना. रात्रीच्या अंधारात, कमी पाण्यातून, वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या ये-जा करत राहिल्या. मोठ्या जहाजाला वारा लागतो आणि खाली पाणी लागतं. वल्ह्याच्या होडीला दोन्ही बेताचंच पुरतं. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी समझोता करून काढता पाय घेतला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली, आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

हे शहाणपण पुढे कागदावरही आलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (१७१५ च्या सुमारास) आरमारावर एक प्रकरण आहे. त्यात गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात असं सांगितलंय. वाऱ्याशिवाय हलू न शकणारी थोरली जहाजं बांधूच नयेत, असंही. पावसाळ्यात आरमार कुठे आणि कधी लावायचं याचाही विचार आहे. तुफान सुरू व्हायच्या आधीच छावणी करायची आणि दर वर्षी तेच बंदर धरायचं नाही. म्हणजे जहाज किती मोठं हवं हे ठरवताना ते चालणार कुठे आणि थांबणार कुठे, हे आधी बघायचं.

किनाऱ्यावर हा हिशोब अजून जिवंत आहे. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बऱ्याच होड्या त्याआधी भरती साधून वर घेतात, खाली लाकडाचे ओंडके घालून, दोराने ओढून. मग येते नारळी पौर्णिमा. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतंच, म्हणजे पाणी स्वतःहून जास्त वर येतं. सणाची तिथी आणि होडी लोटायची सोय एकाच चंद्रावर बसलेली आहे, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

तर ट्रेलरचं काय झालं? सिंगल अ‍ॅक्सल घेतला. बोट, इंजिन, पेट्रोल धरून वजन टनाच्या आतच येतं, एक आस आरामात पेलतो. थळच्या बोळातून आम्ही तिघे तो हाताने वळवतो. चारऐवजी दोनच चाकांची बेअरिंग खाऱ्या पाण्यात बुडतात, दोनच गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस करावी लागतात. बोट मोठी असती आणि दर आठवड्याला मुंबई-गोवा हायवेवरून लांब न्यायची असती, तर मी आजही टँडेमच म्हटलं असतं. पण आमची बोट वर्षातून चारदा रस्त्यावर येते, एरवी किनाऱ्यावर असते.

एक्सेल शीट अजून आहे. तिच्यात पहिला कॉलम आता भरतीच्या वेळेचा आहे. असो. या शनिवारी भरती पहाटे पाचला आहे, त्यामुळे झोपायला जातो.