मोटारसायकलचे स्प्रॉकेट आणि गियरिंगची निवड

मोटारसायकलच्या गियरबॉक्समधून निघणारी शक्ती चेनमार्फत मागच्या चाकाला मिळते. गियरबॉक्सच्या शाफ्टवर बसणारे लहान दातेरी चक्र म्हणजे पुढचा स्प्रॉकेट आणि चाकाच्या हबवर बसणारे मोठे चक्र म्हणजे मागचा. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन मिळून जो संच होतो, त्याला गॅरेजमध्ये चेन सेट म्हणतात. मागच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागले की अंतिम गुणोत्तर मिळते. मागे ४२ आणि पुढे १४ दाते असतील तर ते ३ येते. म्हणजे शाफ्ट तीन वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. गुणोत्तर वाढवले की गाडीचा पिकअप सुधारतो आणि तोच वेग राखायला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. घटवले की इंजिन सावकाश फिरते, पण चढावर दम टाकते. इंजिनाची अश्वशक्ती मात्र दोन्ही बाबतींत तेवढीच राहते. दाते बदलून ताकद वाढल्याचे जे सांगितले जाते, ते खरे नव्हे.

कंपनी गाडीला जे दाते देते, ती साऱ्या देशातील रस्त्यांसाठी केलेली तडजोड असते. नाशिक जिल्ह्यात ही तडजोड तालुकागणिक वेगळी जाणवते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हा पश्चिम भाग सह्याद्रीचा. मुंबई-आग्रा रस्ता येथे कसारा घाटातून वर चढतो, पेठच्या वाटेवर सावळ घाट लागतो आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे जाणारा रस्ता सुमारे १० किलोमीटर चढतच राहतो. निफाड, येवला, मालेगाव या पूर्वेच्या पट्ट्यात मात्र बहुतेक रस्ता सपाट. त्यामुळे डबलसीट रोज घाट चढणारा आणि निफाडहून एकट्याने नाशिकला कामावर येणारा, या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या असल्या तरी दोघांना सोयीचे दाते सारखे असतीलच असे नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने तेथील लांब सरळ पल्ल्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही.

निवडीसाठी थोडे गणित करावे लागते. सुमारे ८ अश्वशक्तीची १०० सीसी वर्गातील एक गाडी घेऊ. टॉप गियरमध्ये इंजिनापासून चाकापर्यंतचे एकूण गुणोत्तर १०.५ आणि चाकाचा परीघ १.८५ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ५,६८० फेरे घेते. पुढे १४ ऐवजी १३ दाते लावले की त्याच वेगाला ६,११० फेरे होतात. आता चढ पाहू. गाडी आणि दोन माणसे मिळून २५० किलो वजन, १५ मीटर अंतरात १ मीटर चढ आणि ताशी ४० किलोमीटर वेग, अशा स्थितीत उताराची ओढ, टायरचे घर्षण आणि वारा मिळून सुमारे २४५ न्यूटन विरोध होतो. इंजिन त्या फेऱ्यांना साडेसात न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर वाटेतील घट वजा जाता चाकावर सुमारे २४० न्यूटन पोहोचतात. वेग हळूहळू उतरत जातो आणि गियर पाडावा लागतो. १३ दात्यांना हाच आकडा २६० च्या आसपास जातो आणि गाडी टॉपमध्येच घाट ओढते.

यावरून १३ दाते बरे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. वर्षातून दोनदा गडावर जाणाऱ्याने तिसरा गियर टाकावा; त्यासाठीच तो दिलेला असतो. उरलेले दिवस सपाट रस्त्यावर जादा फेरे, जादा आवाज आणि बहुधा घटलेला ॲव्हरेज सोसण्यात अर्थ नाही. रोजच्या रस्त्यावरचा अवघड चढ आणि नेहमीचे ओझे यांवरून दाते ठरवावेत.

पुढचा एक दात बदलल्याने जो फरक पडतो, त्यासाठी मागे साधारण तीन दाते बदलावे लागतात: ४२/१३ म्हणजे ३.२३ आणि ४५/१४ म्हणजे ३.२१. पुढचा स्प्रॉकेट स्वस्त असल्याने गिऱ्हाईक तोच बदलून घेते. पण तो फार लहान केला तर चेन तीव्र कोनात वळते, तिच्या पिना लवकर झिजतात आणि काही गाड्यांत ती स्विंगआर्मला घासू लागते. शिवाय चेन वर्तुळावर बसत नाही, बहुभुजावर बसते. त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दात्यागणिक किंचित वरखाली होतो. १७ दात्यांना हा चढउतार १.७ टक्के, १३ ला २.९ आणि ११ ला ४ टक्क्यांवर जातो. हँडल-फुटरेस्टला जाणवणारी थरथर बऱ्याचदा यातूनच येते.

चेनच्या कड्यांची संख्याही पाहावी. ती सहसा सम असते, म्हणून विषम दाते चांगले, असे मानतात. पण हा नियम डोळे झाकून लावता येत नाही. १०४ कड्यांच्या चेनवर १३ दाते लावले तर १०४ ला १३ ने पूर्ण भाग जातो आणि प्रत्येक दाताशी कायम तीच आठ कडी येत राहतात. एखादे कडे आखडले तर झीज एकाच दातावर साचते. १५ दात्यांना तसे होत नाही, झीज सगळीकडे वाटली जाते.

चेनचा क्रमांक मात्र बदलायचा नसतो. ४२८ मधील पहिला आकडा म्हणजे पिच (लगतच्या दोन पिनांमधील अंतर), इंचाच्या आठव्या भागांत: ४/८ इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. ५२० चेनचा पिच १५.८७५ मिलिमीटर असतो, त्यामुळे एकीचा स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही. ४२८ चेनवर मागचा एक दात वाढला की चाक सुमारे साडेतीन मिलिमीटर पुढे सरकवावे लागते. तीन दात्यांना जवळपास सेंटिमीटरभर. ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर जास्त कड्यांची चेन लागते. कुलूपकडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेनच्या फिरण्याच्या दिशेला ठेवतात.

बहुतेक लहान गाड्यांत पुढचा स्प्रॉकेट डाव्या बाजूचे कव्हर काढून दोन बोल्ट सोडले की निघतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये तो क्लचच्या मागे दडलेला असतो. एका दातासाठी प्रायमरी केस उघडून क्लच काढावा लागतो. म्हणून तेथे आधी नीट हिशेब मांडून मगच हात घालणे शहाणपणाचे. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येत असेल तर दाते बदलल्याने काट्यात फरक पडत नाही. सेन्सर गियरबॉक्सवर असेल तर दाखवला जाणारा वेग चुकतो.

स्पर्धेत हिशेब उलटा लागतो. सुपरक्रॉसच्या आखूड मातीच्या ट्रॅकवर टॉप स्पीड कामाचा नसतो, उडीआधीच्या काही मीटरांत मिळणारी ओढ महत्त्वाची. त्यामुळे मागे मोठे, वजन वाचवण्यासाठी अनेकदा ॲल्युमिनियमचे स्प्रॉकेट लावतात आणि ट्रॅक पाहून ते बदलतात. ॲल्युमिनियम लवकर झिजते, त्यामुळे रोजच्या गाडीला पोलादीच बरा.

घाटात गाडी ओढत नाही म्हणून दाते बदलायला आलेल्या गाडीची आधी टायरमधील हवा, घासणारे ब्रेक, घसरणारा क्लच आणि चेन तपासतात. इगतपुरीच्या पावसात चिखल-वाळू खाऊन चेन फार लवकर ताणली जाते. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन हाताने मागे ओढल्यावर दात अर्ध्याहून अधिक उघडा दिसला, तर पूर्ण चेन सेट बदलावा. झिजलेल्या चेनखाली एकटा नवा स्प्रॉकेट घातला तर तोही थोड्याच दिवसांत आकड्यासारखा वाकडा होतो.